प्रीॲम्प कानानं जुळवायचा, पण पहिली बैठक गाण्याशिवाय

प्रश्न केजजवळच्या एका गावातून आला आहे. नव्या वाचकांसाठी आधी चार शब्द: प्रीॲम्प म्हणजे मोबाइलसारख्या यंत्राचा सिग्नल ॲम्पला देण्याआधी वाढवणारी पायरी, एनई ५५३२ हा तिच्यातला आयसी, झिरो पीसीबी म्हणजे नुसती भोकं असलेला बोर्ड, ७८१५ आणि ७९१५ हे अधिक आणि उणे १५ व्होल्ट स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, के म्हणजे किलोओहम, आणि प्रीसेट म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा कंट्रोल. थोडक्यात असा: "मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. घरी ऐकण्यासाठी एनई ५५३२ वर स्टीरिओ प्रीॲम्प झिरो पीसीबीवर बांधला. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५, आयसीच्या आधी ५० के चा व्हॉल्यूम, फीडबॅकला १० के आणि १ के, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. पुढचा ॲम्प तयार बोर्डाचा, त्याच्या इनपुटला १० के चा प्रीसेट. दिवसा बरा चालतो, दिवेलागणीनंतर घरघर वाढते. डग्गा पोकळ लागतो. आवाज बारीक ठेवला की गाणं डाव्या स्पीकरकडं सरकतं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, कंट्रोल नवा असूनही. एक जण म्हणतो आयसी बदल, दुसरा म्हणतो बाहेरचे महागडे कंडेन्सर टाक. कानानं ट्यून करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

भाऊ, आयसी आणि कंडेन्सर दोन्ही सध्या आहेत तिथं राहू द्या. तुमच्या चारही तक्रारींची कारणं तुम्हीच लिहिलेल्या किमतींत (रुपयांत नव्हे, के आणि मायक्रोफॅरडच्या आकड्यांत) दिसतात, त्यांचा हिशेब पुढं मांडतो. पण कानानं जुळवायचं म्हणताय तर आधी कानाचं काम ठरवून घेऊ.

कानाला एक गोष्ट फार छान जमते. चार आवाज एकात एक मिसळलेले असले तरी त्यातला घरघर कोणता, सूं कोणता, किरकिर कोणती हे तो वेगळं करतो. त्याला न जमणारी गोष्ट म्हणजे कालचा आवाज आज आठवून तुलना करणं. चाल लक्षात राहते, गळा लक्षात राहतो, पण आवाजातला बारीक फरक काही सेकंदांच्या पलीकडं टिकत नाही. त्यामुळं दुपारी एक कंडेन्सर बदलला, त्याला डाग देईपर्यंत अर्धा तास गेला, मग गाणं लावलं आणि "खुललं" असं वाटलं, तर त्या वाटण्यावर पैसे खर्च करू नका. कानाकडून दोष शोधण्याचं काम घ्या. किती दुरुस्त झालं हे शक्य तिथं मीटरला विचारा. दोन गोष्टींत चांगली कोणती हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

म्हणून पहिल्या बैठकीत गाणं लावायचंच नाही. एक जुनी आरसीए पिन घ्या, तिचं मधलं टोक आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डरचा डाग देऊन जोडून टाका, पुढं हिलाच बंद केलेली पिन म्हणतो. अशा दोन पिना करा. परभणीत माझ्या टेबलावर अशी जोडी कायम टांगलेली असते, आणि मीटरच्या आधी हात तिकडं जातो. रात्री पंखा बंद करा, फ्रीज जवळ असेल तर तोही थोडा वेळ बंद ठेवा. आता ॲम्पपासून प्रीॲम्प सोडवा आणि त्या दोन पिना थेट ॲम्पच्या इनपुटला लावा. स्पीकरपासून हातभर अंतरावर कान ठेवा. ट्वीटरला कान चिकटवून स्विच चालू-बंद करू नका, एखाद्या "धप्प" आवाजानं कानाची कायमची हानी होते. आता जी काही घरघर ऐकू येईल ती ॲम्पची. ती प्रीॲम्पमध्ये शोधून सापडणार नाही.

ॲम्प शांत असेल तर प्रीॲम्प जोडा आणि बंद केलेल्या पिना प्रीॲम्पच्या इनपुटला लावा. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर ठेवा. इथं घरघर आली तर ती व्हॉल्यूमच्या पुढं तयार होते आहे: सप्लाय, आयसीचं ग्राउंड किंवा आउटपुटची वायर. मग हळूहळू व्हॉल्यूम वाढवा आणि घरघर कुठं वाढते, कुठं कमी होते ते नीट ऐका. बऱ्याच घरगुती सेटमध्ये ती मधल्या कुठल्या तरी जागी सगळ्यात जास्त असते आणि शेवटपर्यंत नेली की पुन्हा कमी होते. याला साधं कारण आहे. इनपुट बंद केलेलं असताना कंट्रोलच्या मधल्या पायाला दोन्ही बाजूंनी ग्राउंड दिसतं. ५० के च्या बरोबर मध्यावर २५ के आणि २५ के समांतर, म्हणजे १२.५ के होतात, आणि दोन्ही टोकांना जवळजवळ शून्य. जितका जास्त रेझिस्टन्स, तितकी तिथली वायर आजूबाजूची लाइट ओढून घेते. म्हणजे मध्यावरची घरघर तुम्हाला सांगते की कंट्रोलकडून आयसीकडं जाणारी वायर उघडी आहे, लांब आहे, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून जाते आहे. तिथं शिल्ड वायर टाका आणि शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. कंट्रोलचं लोखंडी अंगही ग्राउंडला जोडा. त्याला हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ते जोडायचं राहिलेलं आहे असंच समजा.

या सगळ्यात शांतता मिळाली, आणि मोबाइल किंवा लॅपटॉप जोडल्यावरच घरघर सुरू झाली, तर तो ग्राउंडच्या फेऱ्याचा प्रकार आहे. मोबाइल चार्जरवरून काढा. लॅपटॉपचं चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवा. आवाज गेला की चोर सापडला. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडी गळती कायम असते, अशा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात, तीच गळती शिल्डमधून तुमच्या ग्राउंडवर चालते. पण यावर उपाय म्हणून ॲम्पच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावा, सिग्नलची वायर आखूड ठेवा. काळ्या मातीच्या भागात उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळं मार्चनंतर त्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

आता घरघरीचा सूर. इथं पेटीवाल्याला इतरांपेक्षा सोपं जातं. पेटीवरची मधली पांढरी पाच साधारण ३९२ हर्ट्झची. तिच्या एक सप्तक खाली १९६, त्याखाली ९८, त्याच्याही खाली ४९. आपली लाइट ५० हर्ट्झची, आणि डायोडनं सरळ केल्यावर मागं उरणारी लहर १०० हर्ट्झची. म्हणजे दोन्ही घरघरी पांढऱ्या पाचच्याच, जेमतेम चढ्या, एक सप्तकाच्या अंतरानं. पेटीवर पाच धरून ठेवा आणि घरघरीशी ताडून पाहा. गोल, जाड, छातीत जाणवणारा "ऊं" असेल तर तो ५० चा: ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र, उघडी वायर किंवा ग्राउंडचा फेरा. कडा असलेला "घर्र" असेल तर बहुतेक वेळा १०० चा, म्हणजे डायोड-फिल्टरकडून आलेला. लहान स्पीकरला ५० झेपत नाही, तिथं मोठ्या स्पीकरवर ऐका.

तुमची घरघर दिवेलागणीनंतर वाढते, यावरून माझा अंदाज १०० चा आहे. १२-०-१२ च्या एका बाजूचा शिखराचा व्होल्टेज १२ गुणिले १.४१ म्हणजे १७, त्यातून डायोडचे ०.७ गेले, उरले सुमारे १६.३. लहान ट्रान्सफॉर्मर कमी लोडवर थोडं जास्त देतो, म्हणून दिवसा कसंबसं १८ मिळत असेल. ७८१५ ला १५ व्होल्ट स्थिर द्यायला आत किमान १७ ते १७.५ लागतात. संध्याकाळी गावातल्या डीपीवर सगळ्यांचा लोड आला, त्यात रब्बीच्या मोटारी चालू असल्या, की घरात १८० व्होल्ट येणं आपल्याकडं नवीन नाही. त्या हिशेबानं आत १३-१४ च उरतात. मग ७८१५ स्थिर करायचं सोडून देतो आणि मागची लहर जशीच्या तशी पुढं सोडतो.

इथं कुणी म्हणेल की ५५३२ सप्लायची लहर चांगली रोखतो, मग ऐकू का यावी? आयसी रोखतो हे खरं आहे. पण ती लहर बोर्डावरच्या १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून ग्राउंडच्या वायरीत उतरते. काही मिलिअँपिअर का असेना, ती वायर बारीक असेल आणि इनपुटचं ग्राउंड त्याच वायरीवर टेकलेलं असेल, तर वायरीच्या शतांश ओहमवर तयार होणारा मिलिव्होल्टचा अंश आयसीला सिग्नलच वाटतो. तुमचा आयसी त्याला ११ पट करतो. झिरो पीसीबीवर घरघरीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. फिल्टर कंडेन्सरच्या मधल्या जोडापासून एक जाड वायर बोर्डावरच्या एका बिंदूला आणा. सप्लायचे कंडेन्सर त्या बिंदूला, इनपुट आणि फीडबॅकचं ग्राउंड वेगळ्या वायरीनं त्याच बिंदूला. साखळी करत एकावरून दुसऱ्यावर नेऊ नका.

सप्लायसाठी माझा सल्ला: १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७९१२. १८० व्होल्ट आले तरी आत १५.९ मिळतात आणि ७८१२ ला १४.५ पुरतात. ५५३२ ला अधिक-उणे १२ वर सिग्नलसाठी सुमारे ७ व्होल्ट सहज मिळतात, प्रीॲम्पला एक-दोनच्या वर लागत नाहीत. ट्रान्सफॉर्मर बदलायचा नसेल तर त्याच १२-०-१२ वर ७८०९ आणि ७९०९ लावा, आयसी ९ व्होल्टवर नीट चालतो. ७९ मालिकेचे पाय ७८ सारखे नसतात हे लक्षात ठेवा: ७८१२ ला पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड, ७९१२ ला पहिला ग्राउंड, मधला इनपुट. आणि हो, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ट्यूनिंगला बसू नका. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगला सेटही घुरघुरतो.

ट्रान्सफॉर्मर डब्यात कुठं ठेवायचा हेही कानानंच ठरतं. त्याच्या सेकंडरीच्या वायरी लांब करा, २३० च्या बाजूला स्लीव्ह आणि फ्यूज घालून ती पूर्ण झाका, आणि व्हॉल्यूम मध्यावर ठेवून ट्रान्सफॉर्मर टेबलावर हळूहळू फिरवत ऐका. एका दिशेला "ऊं" एकदम कमी होतो. ती दिशा खुणा करून ठेवा, आणि डब्यात तसाच, शक्य तितका दूर बसवा.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो, हा विषय लोक सोडून देतात, आणि निम्मी सुधारणा तिथंच असते. १० के आणि १ के म्हणजे एक अधिक दहा, ११ पट, जवळजवळ २१ डेसिबल. मोबाइल पूर्ण आवाजावर साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो, सीडी प्लेअर दोन देतो. तुमच्या बोर्डाला पूर्ण ताकदीसाठी एक व्होल्टच्या आसपास लागत असेल. मग ११ पट कशाला? म्हणून तर तुमचा कंट्रोल कायम सुरुवातीच्या कोपऱ्यात अडकलेला असतो. तिथं स्वस्त दुहेरी कंट्रोलचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत, डावा थोडा आधी उघडतो, उजवा मागं राहतो. गाणं डावीकडं सरकतं ते यामुळं. १ के काढून ४.७ के लावा. गेन ३.१ होतो, सुमारे ११ डेसिबल कमी. त्याबरोबर आयसीची सूं आणि कंट्रोलची घरघरही तेवढीच खाली येते, आणि तुम्ही रोज ऐकता तो आवाज कंट्रोलच्या मध्याजवळ येतो, जिथं दोन्ही भाग बऱ्यापैकी जुळतात. तरीही गाणं डावीकडंच राहिलं तर इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. गाणं उजवीकडं गेलं तर दोष मोबाइल-केबलमध्ये, डावीकडंच राहिलं तर पुढं. मग प्रीॲम्पच्या आउटपुटला तीच अदलाबदल करा. कंट्रोल घेताना ए ५० के घ्या, तो लॉगचा. बी लिहिलेला लिनिअर असतो, त्यावर सगळा आवाज पहिल्या वळणातच येतो.

नव्या कंट्रोलची खरखर हा कंट्रोलचा दोष क्वचित असतो. ५५३२ च्या इनपुटमधून फार बारीक करंट वाहतो, साधारण २०० नॅनोअँपिअर. तो तुमच्या कंट्रोलमधून गेला की त्यावर काही मिलिव्होल्टचा डीसी बसतो, आणि फिरवताना तोच खरखरतो. कंट्रोलचा मधला पाय आणि आयसीचा पाय यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर टाका आणि आयसीच्या पायाकडून १०० के ग्राउंडला जोडा. खरखर थांबेल. मोबाइलकडूनच डीसी येत असेल तर कंट्रोलच्या आधीही एक कंडेन्सर लागेल.

डग्गा. याचा हिशेब करताना मला नेहमी समाधान वाटतं, कारण इथं कानाची तक्रार आणि गणिताचं उत्तर तंतोतंत जुळतं. आउटपुटचा ०.१ मायक्रोफॅरड आणि समोरचा १० के चा प्रीसेट मिळून १५९ हर्ट्झच्या खाली कापायला लागतात. ८० हर्ट्झला तुम्ही सुमारे ७ डेसिबल गमावता. डग्ग्याची घुमक त्याच भागात असते. थापेचा "ठक" वर असतो, तो येतो, पण मनगट दाबत काढलेली मींड खाली उतरते तिथं आवाजच नाहीसा होतो. म्हणून तो पोकळ लागतो. तिथं ४.७ मायक्रोफॅरड लावा, काप ३.४ हर्ट्झवर जातो. एवढ्या किमतीचा फिल्म कंडेन्सर मोठा येतो, डब्यात जागा नसेल तर २२ मायक्रोफॅरडचा बायपोलर चालतो. कुठल्याही जागी हाच हिशेब करा: ओहममध्ये धरून भागत बसण्यापेक्षा सोपं सूत्र असं की किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड करा आणि १५९ ला त्यानं भागा. १० गुणिले ०.१ म्हणजे १, उत्तर १५९ हर्ट्झ. हे उत्तर ५ च्या आसपास किंवा खाली ठेवा.

आता कंडेन्सरच्या जातीचं. सिग्नलच्या वाटेत, त्यातही काप ऐकू येईल इतका वर असेल तिथं, एक्स७आर जातीचे सिरॅमिक टाळा. त्यांची किंमत व्होल्टेजबरोबर बदलते आणि त्यातून विकृती येते, शिवाय काही जण हलक्या टिचकीलाही आवाज करतात. साधा पॉलिस्टरचा पुरेसा आहे. इलेक्ट्रोलाइटिकही वाईट नाही, फक्त किंमत इतकी मोठी ठेवा की ऐकण्याच्या पट्ट्यात त्याच्यावर सिग्नलचा व्होल्टेज पडणारच नाही. बाहेरून मागवलेल्या महागड्या कंडेन्सरनं डग्गा भरेल असं मला वाटत नाही. मायक्रोफॅरडचा आकडा बदलल्यानं तो भरतो.

यानंतर गाणं लावा. काय लावायचं? जे वाद्य तुम्ही समोर बसून रोज ऐकता ते. परदेशी "टेस्ट ट्रॅक" लावून काही उपयोग नाही, त्या खोलीत तुम्ही कधी बसलेला नाही. तुमच्यासाठी टाळ, पखवाज, पेटी. तुळजापूरकडचा संबळ ऐकलेला असेल तर त्यातली जाड आणि बारीक अशा दोन्ही बाजू एकदम तपासता येतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन बसून ऐकलं असेल तर पेटी-तबल्याचं तेही उत्तम मोजमाप आहे. मंडळाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मात्र यासाठी नको, मोबाइल आपल्या मर्जीनं आवाज वर-खाली करतो.

टाळ नीट ऐका. आघात झाला की पुढं एक लांब शेपूट राहतं, ते वर्तुळासारखं फिरत विरतं. आघात किरकिरा आणि शेपूट धुरकट झालं तर आयसी आतल्या आत दोलन करत असण्याची शक्यता आहे, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी तो स्वतःच तयार करतो. बोट लावून पाहा, ५५३२ जरा कोमट असतोच, पण चटका बसत असेल तर संशय पक्का. ८ आणि ४ नंबरच्या पायांमध्ये, अगदी आयसीच्या पोटाखाली, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. इथं तोच योग्य. आउटपुटच्या पायानंतर, फीडबॅकच्या जोडाबाहेर, ४७ ते १०० ओहम टाका म्हणजे केबलचा भार आयसीवर थेट येत नाही. १० के च्या फीडबॅकवर ४७ पिकोफॅरड समांतर लावा. इनपुटला १ के आणि त्यापुढं ग्राउंडला २२० पिकोफॅरड लावला तर रेडिओ आणि मोबाइलची "टिकटिक टिर्र" बाहेर राहते. आयसी बदलल्यावर "आवाज उघडला" असं सांगतात तेव्हा अनेकदा नवा वेगवान आयसी असाच दोलन करत असतो, आणि ती किरकिर पहिल्या दिवशी तपशीलासारखी भासते.

आयसी बदलण्याआधी हातातला आयसी खरा आहे का ते पाहा. पुणे, मुंबई, नाहीतर लातूर-नांदेडकडून लोक जातात ते हैदराबादचं कोठी, कुठूनही आणा, नाव खोडून नवं छापलेले ५५३२ येतात, आत ४५५८ हा दुसराच, स्वस्त आयसी निघतो. सॉकेटमधून काढून मीटर डायोडवर ठेवा आणि २ व ३ नंबरच्या पायांवर दोन्ही दिशांनी लावा. खऱ्या ५५३२ मध्ये त्या दोन पायांमध्ये उलट-सुलट डायोड असतात, म्हणून दोन्ही वेळा ०.६-०.७ च्या आसपास दिसतं. ४५५८ काहीच दाखवत नाही. दुसरी खूण करंटची. सप्लायच्या वायरीत १०० ओहम टाका, सिग्नल नसताना त्यावर ०.८ व्होल्टच्या आसपास पडले तर आयसी ८ मिलिअँपिअर खातो आहे, बरोबर. पाव व्होल्ट पडला तर तो ५५३२ नाही. हा आयसी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीनं आणला, आणि पुढं स्टुडिओच्या मिक्सरमध्ये तो इतका वापरला गेला की तुम्ही ऐकता त्यातली कितीतरी रेकॉर्डिंग आधीच अनेक ५५३२ मधून गेलेली आहेत. तुमच्या घरातला आणखी एक ५५३२ ती बिघडवेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

तरीही तुलना करायची असेल तर नीट करा. दोन बोर्ड एकाच सप्लायवर, मध्ये चेंजओव्हर स्विच. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि दोन्ही बोर्डांचा आउटपुट एसी व्होल्टवर मोजून सारखा करा. १ व्होल्ट आणि १.०१२ व्होल्ट यांत ०.१ डेसिबलचा फरक असतो, त्याच्या आत आणा. कारण जरासा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. डीटी-८३० सारख्या पिवळ्या मीटरचा एसीचा सगळ्यात लहान टप्पाच २०० व्होल्टचा असतो, त्यावर हे दिसणार नाही. २ व्होल्टचा एसी टप्पा असलेला मीटर उसना आणा. मग स्विच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि तुम्ही पाठ करून बसा. तो नाणं उडवून बोर्ड निवडेल, तुम्ही कोणता ते वहीत लिहा. १० वेळा करा. नुसत्या अंदाजानं ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, म्हणून ९ आले तर फरक खरा धरा आणि आवडेल तो ठेवा. ६-७ आले तर आहे तोच आयसी राहू द्या आणि पैसे कंट्रोलवर, स्पीकरवर खर्च करा.

पुढं बास-ट्रेबल लावायचा विचार असेलच. ब्रिटिश इंजिनिअर पीटर बॅक्सान्डॉल यांनी १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दिलेली रचना अजून सगळ्यात सोयीची आहे. तिच्यात कंडेन्सर कानानं निवडायला खरी मुभा आहे. बासचे कंडेन्सर दुप्पट केले की त्याचा असर एक सप्तक खाली सरकतो: डग्गा भरतो, पण पुरुषाच्या गळ्यावर पांघरूण पडत नाही. हे ठरवताना रोज ऐकता त्याच आवाजावर बसा. बारीक आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. मोठ्या आवाजात जुळवलेला बास रात्री बारीक आवाजात रिकामा लागेल, तो कंडेन्सरचा दोष नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढं मोजून पाठवा: संध्याकाळी आठच्या सुमाराला घरातला एसी व्होल्टेज आणि ७८१५ च्या इनपुट पायावरचा डीसी, इनपुट बंद असताना व्हॉल्यूम शून्यावर, मध्यावर आणि पूर्ण असताना घरघर कुठं जास्त आणि ती पेटीच्या कोणत्या पाचशी जुळते, आणि १०० ओहमवर आयसीचा किती व्होल्ट पडतो. ग्राउंडच्या वायरी दिसतील असा बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटोही जोडा.